परतीचे चमचे

हॅल्वरने खण ओढून मूठभर चमचे काढले आणि टेबलावर पसरलेल्या नकाशाच्या कडेला ते एकामागे एक मांडायला सुरुवात केली. पहिला ठेवला तो सूपचा जुना चमचा, टोकाला चेपलेला. त्याच्यामागे बाकीचे सहा. सगळ्यांच्या दांड्या पूर्वेला, म्हणजे घराकडे, आणि तोंडे डोंगराकडे.

"ब्रिजेट पुढं?" मारिटने विचारले.

"मग? घंटा कुणाच्या गळ्यात असते?"

मारिट हसली आणि साखरेच्या वड्यांचा डबा त्याच्याकडे सरकवला. सत्तावीस वर्षांची झाली होती, रेड डिअर शहरातल्या इस्पितळात परिचारिका होती, पण शिकारीची आखणी चमच्यांवाचून करता येते हे तिला अजून मान्य नव्हते. हा खेळ हॅल्वरनेच काढलेला. ती लहान असताना तिला बेरीज जमत नव्हती आणि वहीसमोर बसली की डोळ्यांत पाणी यायचे. मग त्याने वही मिटून ठेवली आणि चमचे काढले. चमचा म्हणजे घोडा. साखरेची वडी म्हणजे तंबू, चूल, पीठ, घोड्यांचे ओटधान्य यांचे ओझे. राजमा म्हणजे मूस या अजस्र हरणाचे मांस, वाटाणे म्हणजे त्याहून लहान एल्कचे. प्रत्येक घोड्यावर दोन बाजूंना दोन दाणे, सारखे. एका बाजूला जास्त झाले की घोड्याची पाठ सोलवटते. पोरीला बेरीज आली, वजाबाकी आली, आणि घोड्याची पाठ काय असते तेही कळले.

यंदाची आखणी नेहमीपेक्षा मोठी होती. एल्कचा परवाना कुणालाही मिळतो, मूसचा मात्र सोडतीने. मारिट कितीतरी वर्षे सोडतीत नाव घालत होती, आणि या जुलैत ते लागले. त्या दिवशी तिने इस्पितळाच्या जिन्यातून फोन केला होता. हॅल्वर तेव्हा तबेल्यात ब्रिजेटचे तोंड धरून उभा होता, आणि घोड्यांचे दात बघणारा डॉक्टर आपली कानस पुसत होता. डॉक्टरने नुकतेच सांगितले होते की आता घासायलाही काही उरलेले नाही. गवत चावता येणार नाही. भिजवलेल्या भुशावर उन्हाळा निघेल. हिवाळा निघणार नाही.

फोनवर मारिट म्हणाली होती, "बाबा, लागलं. मूस लागला." आणि तो म्हणाला होता, "शाब्बास. सगळे घोडे नेऊ."

ते वाक्य त्याच्या तोंडून सहज गेले होते. नंतर त्याच्या लक्षात आले की त्याच क्षणी त्याने सगळे ठरवून टाकले होते.

दार न वाजवताच ओरेस्ट पावलुक आत आला. पलीकडच्या कुरणाचा मालक, तीस वर्षांपासूनचा शिकारीतला सोबती. काखेत घरी केलेल्या लसणीच्या सॉसेजचे वेटोळे होते. ते त्याने नकाशावर ठेवले, नेमके मधल्या खिंडीवर.

"ही बघ, खिंड बंद झाली," तो म्हणाला. "आता खालीच तळ ठोकायचा. मला वर चढवू नका."

मारिटने सॉसेज उचलून बाजूला ठेवले. वाद तळाचाच होता. ओरेस्टला खालच्या दलदलीजवळ राहायचे होते. तिथे मूस असतो आणि गाडीरस्ता फार लांब नाही. हॅल्वर मात्र टिनकपच्या कुरणाचा हट्ट धरून बसला होता. ते नदीचे दोन उतार ओलांडून, कड्याच्या पोटात. कुणा जुन्या सापळेवाल्याचा पत्र्याचा पेला तिथे झाडाला टांगलेला होता, म्हणून ते नाव.

"टिनकपला गवत चांगलं असतं," हॅल्वर म्हणाला.

"गवत तू खाणारेस का?" ओरेस्टने विचारले. "अरे, एल्क असेल तिथं, मान्य. पण पोरीचा मूस तिथं पडला तर? मेलेला मूस आपल्या पायांनी चालत येत नाही. जितका आत मारशील तितका जन्मभर आठवतो, आणि ते कमरेला."

"घोडे आहेत की."

"घोडे आहेत. घोड्यांना मत विचारलंस?"

मारिट नकाशावर वाकली होती. टिनकपवर तिचे बोट थांबले. "मलाही टिनकप चालेल," ती म्हणाली. "कड्यावरून जंगली घोडे दिसतात."

हॅल्वरने कॉफीचा पेला उचलला. त्यात कॉफी नव्हती. तरी त्याने तो ओठांना लावला.

जाण्याची मांडणी झटपट झाली. तीन चमचे स्वारीचे, त्यांना ओझे नाही. उरलेल्या चारांवर साखरेच्या वड्या. ब्रिजेटच्या चेपलेल्या चमच्यावर मारिटने दोन्हीकडे अर्ध्या-अर्ध्या वड्या ठेवल्या.

"दातांचं काय म्हणाला डॉक्टर?"

"म्हातारी झाली म्हणाला." हॅल्वरने तो चमचा उगाच सरळ केला. "हलकंच द्यायचं तिला. पण ती हवीच. ती नसली तर पहिल्याच रात्री बाकीचे पायबंदांसकट उड्या मारत घरी येतील."

हे खरे होते. कळप घंटेपाशी राहतो. रात्री घोडे चरायला सोडले की ज्या घोडीच्या गळ्यात घंटा असते तिच्या आसपास सगळे घुटमळतात, आणि पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या माणसाला कळते की कळप कुठे आहे. ब्रिजेटच्या गळ्यात ती घंटा लॉर्नाने बांधली होती. लॉर्ना म्हणजे हॅल्वरची बायको. ती जाऊन सहा हिवाळे झाले. घोडीही तिनेच आणलेली, लिलावातून, मांसवाल्या व्यापाऱ्याच्या हातातून सोडवून.

खरे होते, म्हणूनच ते बोलताना हॅल्वरला बरे वाटले, आणि बोलून झाल्यावर वाटले नाही.

"आता परत," ओरेस्ट म्हणाला आणि हात चोळू लागला. "देवाची कृपा झाली आणि दोन्ही मिळाले असं धरू. मूस आणि एल्क."

परतताना माणसे चालतात. स्वारीच्या घोड्यांवरही मांस लादायचे आणि त्यांचे दोर धरून पायी यायचे, ही इकडची रीत. सातच्या सात घोड्यांवर ओझे येते. मूसला तीन घोडे, एल्कला दोन, तळाच्या सामानाला दोन. हॅल्वर एकेक चमचा उचलून उलटा फिरवू लागला. तोंडे पूर्वेला, दांड्या डोंगराकडे. ओरेस्ट मागून दाणे ठेवत होता, दोन्हीकडे सारखे. सहा चमचे भरले. टेबलावर दोन राजमे उरले.

ओरेस्टने ते बोटाने ढकलले. "आणि हे? तू खांद्यावर घेणारेस?"

हॅल्वरने टेबलाकडे पाहिले. चेपलेला चमचा रांगेत नव्हता. तो त्याच्या डाव्या हाताशी, रिकाम्या पेल्यात उभा होता. आपण तो तिथे केव्हा ठेवला हे त्याला आठवेना.

"दुसरी खेप मारू," तो म्हणाला.

"दोन राजम्यांसाठी दोन उतार परत ओलांडायचे? वसंतात सगळ्या खोऱ्यातल्या पोरांना काय शिकवतोस तू, शाळेच्या सभागृहात उभा राहून? 'जितके घोडे आत, तितके...'" ओरेस्ट बोलता बोलता थांबला. त्याची नजर पेल्याकडे गेली होती. मग त्याने खिशातून रुमाल काढला आणि नाक शिंकरायला फार वेळ घेतला.

हॅल्वर मान वर करत नव्हता. खिडकीवर एक माशी आपटत होती. चमचा पेल्यातून काढून रांगेत ठेवणे अगदी सोपे होते. म्हणता आले असते, अरेच्चा, हा राहिलाच. हात मात्र टेबलावरच पडून राहिला.

मारिटने ते दोन राजमे उचलले. तळहातावर क्षणभर खेळवले.

"मूसची हाडं जागेवरच काढली तर?" ती म्हणाली. "मागचे पाय, मान, सगळं सोलून घ्यायचं. कवटी आणि शिंगं मी पाठीवर आणते. मग सहांवर मावेल."

तिने दोन राजमे सहातल्या दोन चमच्यांवर ठेवले, आणि त्या चमच्यांची दुसरी बाजू जड करायला साखरेच्या वडीचे दोन तुकडे केले. मग उठून भांडी धुवायला गेली. नळाचा आवाज सुरू झाला.

ओरेस्ट निघाला तेव्हा हॅल्वर त्याला सोडायला पायरीपर्यंत गेला. ऑगस्टच्या दुपारचे ऊन पिवळे पडले होते आणि लांब डोंगरांवर कुठल्या तरी वणव्याचा धूर पसरला होता. ओरेस्ट गाडीत बसला, पण किल्ली फिरवली नाही.

"माझ्याकडे खोदायचं यंत्र आहे," तो म्हणाला. "जमीन गोठायच्या आत सांग. लॉर्नाच्या लिलाकच्या झाडाखाली खड्डा करून देतो. डॉक्टरला बोलव, सुई देईल."

"सुई दिली की ते मांस विषारी होतं. कोल्ह्याला चालत नाही, गरुडाला चालत नाही. आणि ती तबेल्यात कोपऱ्यात उभी, अंगात सुई..." हॅल्वरने मान हलवली. "टिनकपच्या गवतात उभी राहू दे. तोंड ओटाच्या पिशवीत. तिला आवाजसुद्धा ऐकू जाणार नाही. तळापासून लांब नेईन, निघायच्या दिवशी. मग अस्वलांचं ते. तसंच असावं."

"मी कुठं म्हणतो नसावं? आपण सगळ्यांनी तेच केलंय." ओरेस्टने स्टिअरिंगवर बोटे वाजवली. "पण पोरगी आता आठ वर्षांची नाही, हॅल्वर."

गाडी गेली. उडालेली धूळ कुंपणावर बसेपर्यंत हॅल्वर तिथेच उभा राहिला.

मारिट आठ वर्षांची होती तेव्हाचा घोडा मेजर. करडा, मोठ्या डोक्याचा, पोरे पाठीवर असली की अंडी डोक्यावर असल्यासारखा चालणारा. त्या शरद ऋतूत हॅल्वर त्याला टिनकपला घेऊन गेला आणि त्याच्यावाचून परत आला. मारिट फाटकावर बसून वाट बघत होती. तिने घोडे मोजले. मोजायला त्यानेच शिकवले होते.

तो येता येता वाटेत शब्द जुळवत आला होता, साधे, खरे शब्द. फाटकावरचे ते तोंड बघितले आणि त्याच्या जिभेने दुसरीच वाट धरली. मेजर गेला, तो म्हणाला. रात्री पायबंदांसकट निसटला, जंगली घोड्यांच्या कळपात मिसळला. वर असतात ना ते, कड्याखाली, त्यांच्यात. आता मजेत असेल.

लॉर्ना मागे दारात उभी होती. तिने काही म्हटले नाही. त्या रात्री मात्र म्हणाली, सांग तिला. आणि पुढच्या वर्षी म्हणाली, आणि त्याच्या पुढच्या. नंतर म्हणायची थांबली.

मारिट पुढच्या शरदात पहिल्यांदा त्यांच्याबरोबर डोंगरात आली ती स्वतःची दुर्बीण घेऊन. कड्यावर पोटावर पडून ती खालचा जंगली कळप बघायची. एकेक घोडा. करडा दिसला की श्वास धरायची. हॅल्वर तिच्या शेजारी बसून तिच्याकडे बघायचा आणि म्हणायचा, आज नाही वाटतं. एका वर्षी तोच म्हणाला, तो बघ, तो झाडापाशी, तोच असेल. ती म्हणाली होती, हो, असेल. त्या 'असेल'वर तो सबंध हिवाळा जगला होता.

इकडे दर वसंतात खोऱ्यातली पोरे त्याच्यासमोर बाकांवर बसत. बंदूक कशी धरायची, वारा कसा ओळखायचा, रक्ताचा माग कसा काढायचा. अवघड प्रश्न विचारणारे पोर त्याला सर्वांत आवडायचे. त्याच्यापाशी तो खाली बसून, न कंटाळता, तीन-तीन वेळा समजावून सांगायचा. आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून एक गोष्ट म्हणवून घ्यायचा. गोळी लागली असेल तर लागली म्हणायचं. चुकली असेल तर चुकली म्हणायचं. जे केलंत ते सांगायचं, कारण तुम्ही सांगाल त्या वाटेनं बाकीचे शोधायला जाणार आहेत. पोरे एका सुरात म्हणायची. मारिटही त्या बाकांवर बसून म्हणून गेली होती.

तबेल्यात गारवा होता. मारिट बादलीत भुसा कालवत होती, कोमट पाण्यात, मूठभर ओटाचे पीठ घालून. ब्रिजेट दाराच्या वरच्या अर्ध्या भागातून मान काढून उभी होती. तिच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या आणि डोळ्यांवरचे खड्डे इतके खोल होते की त्यांत अंगठा मावेल. बादली समोर आली तशी ती ओठांनी भुसा उचलू लागली, सावकाश. बराचसा परत खाली सांडत होता.

हॅल्वर खोगिरांच्या लाकडाला टेकला. आता सांगायचे, त्याने ठरवले होते. पायरीपासून इथपर्यंत येताना वाक्यही तयार केले होते.

"यंदा पाऊस बरा झाला," तो म्हणाला. "वर गवत मऊ असेल."

"असेल."

"तिला आवडेल तिथं. म्हातारे घोडे, कधी कधी..." त्याने घसा साफ केला. "जंगली कळप असतो ना तिथं त्या दिवसांत. एखादी घोडी जाते त्यांच्यात. राहते. असं होतं कधी कधी."

आपलाच आवाज त्याला ऐकू येत होता. तोच जुना आवाज, फाटकावरचा, तितकाच मऊ. त्याला वाटले, कुणीतरी आपल्या तोंडावर हात ठेवावा.

मारिट बादलीच्या कडेला चिकटलेला भुसा बोटांनी खरवडून घोडीपुढे करत होती.

"हो," ती म्हणाली. "होत असेल."

मग तिने हात पँटला पुसले आणि भिंतीकडे गेली. तिथे खिळ्यांवर ओळीने पायबंद टांगलेले होते. घोड्याच्या पुढच्या दोन पायांना अडकवायचे चामडी पट्टे, मध्ये आखूड साखळी. या दिवसांत ते काढून तेल लावायचे असते. तिने एकेक उतरवायला सुरुवात केली. शेवटच्या खिळ्यावरची जोडी इतरांपेक्षा रुंद होती, पितळी कड्यांची.

"हे मेजरचे ना?"

"हो," हॅल्वर म्हणाला. "त्याचे पाय जाड होते, म्हणून मुद्दाम..."

तो थांबला.

ब्रिजेट तोंड चाटत होती. बादलीची कडी एकदा वाजली.

मारिटने ते पायबंद हातात घेतले. चामडे जुने होते पण तडकलेले नव्हते. दर वर्षी तेल पाजलेले दिसत होते. तिने कड्यावरून अंगठा फिरवला.

"तो गेला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तू मला चामड्याला तेल लावायला शिकवलंस," ती म्हणाली. "ढीग घेऊन बसवलंस मला तिथं, त्या ओंडक्यावर. फडकं कसं धरायचं, शिवणीत कसं जिरवायचं. हेही होते त्यात."

हॅल्वरला तो ओंडका दिसत होता. त्यावर बसलेली, पाय जमिनीला न पोचणारी पोरगी दिसत होती. तिच्या नाकाला लागलेले तेल. किती छान शिकते, असे त्याला त्या दिवशी वाटले होते. ढिगात काय काय आहे ते त्याने पाहिलेच नव्हते.

"तेव्हा कळलं तुला," तो म्हणाला.

"तेव्हाच."

बाहेर कुठे तरी तारेवर कावळा ओरडला. हॅल्वरने खोगिराच्या पट्ट्याचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले.

"मग दुर्बीण? इतकी वर्षं?"

पायबंदांची जोडी तिने बाकीच्यांच्या ढिगावर ठेवली, अगदी वर.

"तू माझ्याकडे बघत असायचास ना," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. रुग्णाला दुखेल अशी पट्टी सोडवताना परिचारिका ज्या आवाजात बोलते त्या आवाजात ती बोलली. मग तिने तेलाचा डबा शोधला, फडके शोधले, आणि त्याच ओंडक्यावर बसून कामाला लागली. बराच वेळ उभा राहून हॅल्वरही तिच्या शेजारी जमिनीवर बसला. तिने त्याच्याकडे एक फडके टाकले. दोघांनी सगळ्या पायबंदांना तेल लावले. मेजरच्या पायबंदांना हॅल्वरने लावले. ब्रिजेटचे नाव कुणी काढले नाही. बोलायची पाळी त्याची होती हे त्याला कळत होते, आणि फडके फिरवता फिरवता ती पाळी निघून जाते आहे हेही.

सकाळी तो घंटेच्या आवाजाने जागा झाला.

डोळे न उघडताच तो ऐकत राहिला. रोज सकाळी तो असाच ऐकायचा. पण आजचा आवाज वेगळा होता. ओढ्याच्या अंगाने येत होता, जिकडे उतार आहे म्हणून ब्रिजेट दोन वर्षांत फिरकली नव्हती. आणि ठेका भरभर होता. दोन पावले, एक उडी, मान झटकल्यासारखा खणखणाट, पुन्हा दोन पावले. झोपेच्या काठावर असताना क्षणभर त्याला वाटले, घोडी बरी झाली. रात्रीतून दात आले तिला. मग तो पुरता जागा झाला आणि बूट शोधू लागला.

कुरणावर दव होते. ओढ्यापाशी विलो नाचत होती, लाल रंगाची चार वर्षांची घोडी, कळपातली सर्वांत लहान. घंटा तिच्या गळ्यात होती. ती मान झटकायची, दचकायची, पुन्हा झटकायची. बाकीचे घोडे मधोमध घोटाळत उभे होते. त्यांचे कान ओढ्याकडे होते आणि पाय जुन्या जागेकडे.

जुन्या जागी, फाटकाजवळ, ब्रिजेट उभी होती. तिच्या शेजारी मारिट, लॉर्नाचा जुना कोट घालून. घोडीच्या गळ्याभोवती एक पट्टा उमटला होता. घंटेच्या चामड्याने इतकी वर्षे घासून घासून केस दाबलेले, फिके. मारिट तळहाताने ते केस उलटे फिरवून उभे करायचा प्रयत्न करत होती. ते राहत नव्हते.

हॅल्वर फाटकापाशी येऊन थांबला. मधे तार होती.

"आत्तापासून सवय लावली तर निघेपर्यंत शिकतील," मारिट म्हणाली. "नाहीतर परतताना पंचाईत होईल."

"हो."

"टिनकपला हिचा दोर मी धरणार आहे. तू ओटाची पिशवी धर, किंवा दुसरं. तुझं तू ठरव. पण दोर मी धरणार."

हॅल्वरने फाटकाची साखळी काढली. साखळी निघाली, फाटक उघडले, पण तो आत गेला नाही.

"मारिट," तो म्हणाला. "मेजरला मी मारलं. टिनकपला. आणि हिलाही तिथंच..." पुढचे वाक्य तयार होते, कालपासून होते. त्याचा पहिला शब्द आला, दुसरा आला, आणि बाकीचे एकेक करून, अडखळत, चढावर ओझे नेणाऱ्या घोड्यासारखे आले. मारिट ऐकत होती. मधे एकदाही तिने 'माहीत आहे' म्हटले नाही. त्याला सगळे म्हणू दिले.

ओढ्यावर विलो पाणी ओलांडून पलीकडे गेली आणि घंटा अल्डरच्या झुडपांआड वाजू लागली. कळपातला एक घोडा निघाला. मग दुसरा. ब्रिजेटने मान वर केली. आयुष्यात तिला कधी कुणाच्या घंटेमागे जावे लागले नव्हते; जिथे ती तिथे घंटा. तिने कान पुढे केले, बराच वेळ ऐकले, आणि मग सगळ्यांच्या शेवटी, दवात एकेक पाय टाकत, त्या आवाजाच्या दिशेने चालू लागली.

हॅल्वर तिच्याकडे बघत राहिला. ती उताराला लागली, अडखळली, सावरली. त्याला वाटले मारिटही तिकडेच बघत असेल, म्हणून काहीतरी म्हणायला तो वळला.

मारिट त्याच्याकडे बघत होती.